काचेच्या खोलीत कुंडीतली बुटकी बोगनवेल: फुलं टिकत का नाहीत?

उंबरठा

आम्ही मँचेस्टरजवळ राहतो. घराच्या मागे दक्षिणेकडे तोंड करून कॉन्झर्व्हेटरी आहे. तीन बाजूंनी काच, वर पॉलिकार्बोनेटचं छत. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात फ्रीज.

मे महिन्यात गार्डन सेंटरमधून बोगनवेलीची कुंडी आणली. जेमतेम दीड फूट उंच, तारेच्या कड्यावर वळवलेली, पानांपेक्षा फुलंच जास्त. लेबलवर मोठ्या अक्षरात 'कॉम्पॅक्ट' लिहिलेलं. घरी आल्यावर आठवड्याभरात सगळी फुलं खाली. त्यानंतर जुलैत हातभर लांब काटेरी फांद्या सुटल्या, त्या पडद्यात अडकायला लागल्या, पण फूल एकही नाही. आता ऑक्टोबर आहे आणि पानं पिवळी पडून गळताहेत.

आई पुण्याहून रोज फोनवर सांगते, "पाणी तोड, ताण दे, बघ कशी फुलते." नवरा म्हणतो बाहेर अंगणात ठेव. (त्याला झाडाचं काही नाही, खुर्चीला जागा हवी आहे.) ताण द्यायचा का? छाटायची कधी? आणि ही परत कधी बुटकी आणि फुललेली दिसेल का?

फोटो डकवायचा प्रयत्न केला, जमला नाही.

गच्चीवरचा

आईंचं ऐका. बोगनवेलीला लाड चालत नाहीत. आमच्याकडे कोथरूडला गच्चीवर सगळ्या रंगांच्या आहेत, जानेवारीपासून पाणी इतकं कमी करतो की पानं मान टाकतात, मग तांब्याभर घालायचं, परत मान टाकेपर्यंत बघायचंही नाही. मार्चमध्ये पान दिसत नाही, नुसती फुलं. पाणी जास्त झालं की पाला. यात दुसरं शास्त्र नाही.

घाटमाथा

+१. महामार्गाच्या दुभाजकावर कोण लाड करतं? धूर खाऊन, उन्हात तापून कशी फुललेली असते बघा.

चकलीचा साचा

@घाटमाथा, दुभाजकावर टँकर येतो पाणी घालायला. रोज सकाळी त्याच्यामागे अडकते मी, म्हणून माहीत. :)

संत्रावाला

गच्चीवाले भाऊ, ताण ताण काय लावलं? आमी संत्र्याले ताण देतो तवा डोक्यावर ऊन असते. मृग बहाराले मे महिन्यात, आंबियाले डिसेंबर-जानेवारीत, अन् दोन्ही टायमाले आभाळ मोकळं. झाडाच्या पोटात आधी अन्न साठलेलं पाहिजे. मंग पाणी तोडलं का वाढ थांबते, अन् पाणी सोडलं का ती साठवण फुलावर येते. मँचेस्टरात ऑक्टोबरात झाडाच्या पोटात हाय काय? उपाशी माणसाले उपास सांगून राह्यले तुमी.

परागकण

संत्रावाला यांनी नेमकं दुखणं पकडलं. आकड्यांत सांगतो. २१ डिसेंबरला पुण्यात दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर येतो. त्याच दिवशी मँचेस्टरला दिवस साडेसात तासांचा आणि सूर्य जेमतेम १३ अंशांवर. शेजारच्या घराच्या छपराआडून तो वर येईपर्यंत संध्याकाळ होते. त्यात ढग. त्यात काच: स्वच्छ एकेरी काचेतून ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश आत येतो, दुहेरीतून आणखी कमी, आणि जुन्या पॉलिकार्बोनेटवर शेवाळ चढलं असेल तर विचारूच नका.

बोगनवेलीच्या बऱ्याच जाती दिवस लहान झाला की लवकर फुलतात. महाराष्ट्रात दिवाळीनंतर दिवस लहान, ऊन कडक, जमीन कोरडी असं तिन्ही एकाच वेळी जुळून येतं, म्हणून सगळं श्रेय पाणी तोडण्याला मिळतं. इंग्लंडात दिवस लहान होतो तेव्हा ऊन संपलेलं असतं, आणि जूनमध्ये ऊन असतं तेव्हा दिवस सतरा तासांचा. जुळतं ते एप्रिल-मेमध्ये आणि सप्टेंबरच्या आसपास. काचेखाली बहर तेव्हाच धरायचा. भर उन्हाळ्यातही फुलेल, कारण उजेड भरपूर असला तर ती दिवसाच्या लांबीचं फारसं मनावर घेत नाही. पण मग नत्र आणि पाणी हात राखून द्यायला हवं.

गच्चीवरचा

परागकण, आकडे पटले. पण माझ्याच गच्चीवर एकाच उन्हात दोन कुंड्या, एकीला रोज पाणी, एकीला ताण. फुलं कुठे येतात ते येऊन बघा.

परागकण

येणार, फुलं ताणवालीलाच असणार. ऊन पुरेसं असलं की ताणाचा उपयोग होतोच. माझं म्हणणं एवढंच की उजेडाची उणीव ताणाने भरून निघत नाही.

टेम्सकाठचा

उंबरठाताई, मी लंडनजवळ सरेमध्ये फार वर्षं आहे, माझ्याकडे काचेखाली बोगनवेली आहेत. इथलं वेळापत्रक सांगतो, पुण्याचं विसरा.

पानं गळू द्या. घाबरू नका. रात्रीचं तापमान १० अंशांच्या वर राहिलं तर थोडी पानं टिकतात, त्याखाली गेलं की गळतात. ५ ते ७ अंशांपर्यंत माती कोरडी असेल तर झाड जगतं, ओली असेल तर मुळं कुजतात. म्हणून आत्ता पाणी कमी करायचं ते फुलांसाठी नाही, जीव वाचवण्यासाठी. महिन्यातून एकदा-दोनदा कपभर, मातीचा गोळा अगदी खडखडीत होऊ नये इतकंच. काचेला चिकटून ठेवू नका, रात्री काचेलगत गोठतं. हिवाळ्यात बाहेर अजिबात नको, यजमानांना सांगा खुर्ची फोल्डिंगची घ्या.

फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये छाटणी. मुख्य सांगाडा ठेवायचा, बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर कापायच्या. त्याच वेळी कुंडी बदलायची असेल तर एकच माप मोठी, जास्त नाही. आणि हे लक्षात ठेवा: मुळं मोकळी करायला जाऊ नका. बाकीच्या झाडांचा मुळांचा गोळा बोटांनी सोडवतो तसा हिचा सोडवला तर झाड महिनाभर रुसतं, कधी कधी मरतं. गोळा अख्खा उचलायचा, अख्खा ठेवायचा. माती म्हणून इथे जॉन इन्स नंबर ३ मिळते, ती चांगली, वजनदार असते.

एप्रिलपासून पाणी वाढवा, आठवड्याला टोमॅटोचं खत. त्यात पालाश जास्त असतं. उन्हाळ्यात दिवसा दारं उघडी, नाहीतर बंद काचेत पारा ४० च्या पुढे जातो आणि कळ्या करपतात. बहर ओसरला की फांद्यांची टोकं खुडा, पुढच्या फुटव्यावर परत फुलं येतात, कारण फुलं नव्या फांदीवरच लागतात.

चकलीचा साचा

काका, हे वाचनखूण म्हणून साठवलं. मी ठाण्यात सातव्या मजल्यावर आहे, बाल्कनीला सरकत्या काचा लावून घेतल्या (सगळ्या सोसायटीने लावल्या म्हणून आम्हीही). तेव्हापासून आमची बोगनवेल नुसती हिरवीगार. काचा रंगीत आहेत, त्यामुळे असेल का?

परागकण

हो. रंगीत काच किंवा काळी फिल्म असेल तर निम्मा प्रकाश बाहेरच राहतो. वर स्लॅब, म्हणजे डोक्यावरचं ऊन नाहीच. खिडकीपासून हातभर आत सरकलं की उजेड झपाट्याने कमी होतो, डोळ्यांना ते कळत नाही, झाडाला कळतं. कुंडी ग्रिलवर बाहेर काढा.

चकलीचा साचा

ग्रिलवर कुंडी ठेवली की सेक्रेटरी नोटीस काढतात. असो, काच उघडी ठेवून बघते.

रत्नांग्रीकर

एक मुद्दा कोणी काढलाच नाही. लेबलवर 'कॉम्पॅक्ट' लिहिलेलं झाड जुलैत हातभर वाढलं कसं? आमच्याकडे हापूसला कल्टार घालतात, माहीत असेल. पावसाळ्यात बुंध्याभोवती चर काढून औषध ओततात, त्याने पालवीचा जोर कमी होतो आणि मोहोर लवकर येतो. त्यातलं द्रव्य पॅक्लोब्युट्राझोल. असली वाढ रोखणारी औषधं कुंडीतल्या फुलझाडांनाही देतात. ताईंच्या झाडाला दुकानात येण्याआधी तसलं काही पाजलेलं असणार. औषधाचा अंमल उतरला, झाड आपल्या मूळ वळणावर गेलं.

उंबरठा

अगं बाई! म्हणजे मी विकत आणलेला बुटकेपणा झाडाचा नव्हताच?

परागकण

बराचसा नसावा. युरोपात दुकानात येणारी कुंडीतली पुष्कळ फुलझाडं नेदरलँड्स आणि डेन्मार्कच्या काचघरांतून येतात. तिथे एका कुंडीत दोन-तीन रोपं लावतात, शेंडे खुडतात, वाढ रोखणारं औषध फवारतात किंवा मातीत देतात, आणि भर उन्हाळ्यातही संध्याकाळी काळं कापड ओढून दिवस आठ-नऊ तासांचा करतात. आपल्याकडे शेवंतीवाले पॉलिहाउसात फुलं लांबवायला रात्री दिवे लावतात, त्याच्या उलट. त्यामुळे झाड विक्रीला निघतं ते ऐन बहरात.

फुलं आठवड्यात का गळली, तेही यातच आलं. भरपूर उजेडातून ट्रकच्या अंधारात, तिथून दुकानाच्या दिव्यांखाली, तिथून तुमच्या घरी. बोगनवेल इथिलीन वायूला फार हळवी आहे. पिकलेली केळी, सफरचंदं हा वायू सोडतात, ती जवळ असतील तरी रंगीत पानं गळतात. मोठे उत्पादक झाडं पाठवण्याआधी गळ थांबवणारं औषध मारतात, तेही घरी आल्यावर किती टिकणार?

उंबरठा

कॉन्झर्व्हेटरीत फळांची टोपली असते. :(

घाटमाथा

ट्रकमधून घरी आलो की मीही आठवडाभर गळपटलेला असतो.

निरांजन

मला बागेतलं फार कळत नाही, पण काटेरी झाड घरात ठेवू नये म्हणतात. वास्तूच्या दृष्टीने बोगनवेल कुंपणावरच बरी. आमच्या सासूबाईंनी कुंडी जिन्यात नेऊन ठेवली होती.

संत्रावाला

मंग लिंबाचं झाड परसात काहून चालते बाप्पा?

परागकण

वास्तूचं मला माहीत नाही, पण बोगनवेलीच्या काट्यात एक गंमत आहे. काटा आणि फुलांचा तुरा दोन्ही पानाच्या बेचक्यातल्या एकाच डोळ्यातून येतात. परिस्थिती फुलायला अनुकूल असेल तर त्या डोळ्याचा तुरा होतो, नसेल तर त्याचाच काटा. उंबरठा यांच्या हातभर फांद्यांवर काटेच काटे आहेत, म्हणजे झाडाने प्रत्येक पानाशी 'फुलू का?' असं विचारून बघितलंय आणि प्रत्येक वेळी नाही ठरवलंय.

चकलीचा साचा

म्हणजे आमचे साहेब असे का, ते आज कळलं. कोवळ्या वयात ऊन कमी पडलं.

निरांजन

:D साहेबांना खिडकीशेजारी बसवा.

पिंपळपार

काट्यांवरून आठवलं, या झाडाचा इतिहासही रंगतदार आहे. मूळ दक्षिण अमेरिकेतलं. १७६७ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल यांच्या जगप्रदक्षिणेत रिओ दि जानेरोला जहाजं थांबली, तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमेर्सां यांनी याचे नमुने घेतले. त्यांची मदतनीस जान बारे पुरुषाच्या वेषात जहाजावर होती, कारण फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बाईला बंदी. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री तीच. कॉमेर्सांचा पाय दुखत असायचा, तेव्हा रिओत झाडीत फिरून ही वेल खुडली ती तिनेच, असं मानणारे बरेच आहेत. मला तर तेच खरं वाटतं.

गच्चीवरचा

वाटतं ते ठीक, लेखी काय आहे?

पिंपळपार

लेखी श्रेय कॉमेर्सांनाच. नेहमीसारखं. तुमच्या कुंड्यांना रोज पाणी कोण घालतं, हो? :)

गच्चीवरचा

ताण देतो म्हटलं ना. पाणी घालायचा प्रश्नच येत नाही.

रोपवाटिका उरुळी

गाडी वेलीवरून भलतीकडे गेली, परत आणतो. औषधाने बुटकी केलेली आणि जातीनेच बुटकी, यातला फरक ओळखा. जातीने बुटकी हवी असेल तर 'टॉर्च ग्लो' मागा. काही ठिकाणी 'पिक्सी' म्हणून मिळते. तिच्या फांद्या वेलीसारख्या लोळत नाहीत, ताठ उभ्या राहतात. पानं लहान, दाट, फांदीला चिकटून, आणि फुलांचा गुच्छ टोकाला मशालीसारखा. काटे नसल्यातच जमा. रंग मात्र एकच, गडद गुलाबी. ज्यांना घरात जागा कमी त्यांना मी हीच देतो, कड्यावर वळवायची गरज नाही.

बाकी ज्या ग्लाब्रा गटातल्या आहेत त्यांची पानं चकचकीत आणि फांद्या बारीक, त्या छाटणीने कुंडीत राहतात. स्पेक्टाबिलिस या दुसऱ्या गटाच्या वळणाच्या, मोठ्या केसाळ पानांच्या, त्या कुंडीत घालूच नका. कंपाउंड खाऊन टाकतात.

टेम्सकाठचा

'टॉर्च ग्लो' काचेखाली फार सावकाश वाढते, हा माझा अनुभव. इथल्या माणसाला धीर पाहिजे. पण परत परत छाटायला लागत नाही, हे खरं.

निरांजन

पांढरी आणि गुलाबी एकाच झाडावर येते ती कोणती? सासूबाई म्हणतात कलम केलेली असते.

रोपवाटिका उरुळी

कलमाची नाही, 'मेरी पामर'. १९४९ साली कोलकात्याच्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत सापडलेली. झाडाच्या अंगातच दोन प्रकारच्या पेशींचं मिश्रण असतं, म्हणून एका फांदीला पांढरी, दुसरीला गुलाबी, कधी एकाच गुच्छात दोन्ही. तिचीच पिवळट पट्ट्यांच्या पानांची भावंड म्हणजे 'थिम्मा', ती दुभाजकांवर पुष्कळ दिसते. दोन्ही काचेखाली कुंडीत ठेवायच्या नाहीत, ऊन कमी पडलं की 'थिम्मा'चे पट्टे फिके पडतात. आणि 'मेरी पामर'ची काडी घेताना दोन्ही रंग धरलेल्या फांदीची घ्या, नाहीतर एकरंगी निघते.

हिरवी चिंच

एक बारीकसं: आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानंच आहेत. खरं फूल आतलं, पांढरं, नळीसारखं, तिघांचा झुबका. आणि गुलबक्षी, पुनर्नवा याच कुळातल्या. पुनर्नवा शेताच्या बांधावर उन्हात पसरलेली बघा, म्हणजे बोगनवेलीला काय हवं ते आपोआप कळेल.

उंबरठा, पानांची खालची बाजू बघितलीत का? काचेच्या बंद कोरड्या हवेत लाल कोळी लागतो. पानावर बारीक फिके ठिपके, मग पान कळकट पिवळं, आणि शेंडा उजेडाकडे धरून बघितला तर रेशमासारखी जाळी. तुमची पानं 'पिवळी पडून गळताहेत' हे फक्त थंडीचं नसेलही.

उंबरठा

आत्ता मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. ठिपके आहेत. जाळी एका फांदीच्या टोकाला. आणि फांदीच्या बेचक्यात पांढरा कापूस. ई!

हिरवी चिंच

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक पुसा, वेळखाऊ आहे पण चोख. कोळ्यासाठी बाथरूममध्ये नेऊन शॉवरने पानांची खालची बाजू धुवा, कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधा म्हणजे मातीत पाणी मुरणार नाही. दर चार-पाच दिवसांनी परत. अंडी राहतात म्हणून एकदा करून भागत नाही. गळालेली पानं कुंडीत ठेवू नका.

टेम्सकाठचा

इथे काचघरासाठी उपकारक कीटक पोस्टाने मिळतात. कोळ्याला खाणारा कोळी आहे, फायटोसियुलस नावाचा, तो पुडीतून पानांवर भुरभुरायचा. पण त्याला ऊब लागते, २० अंशांच्या आसपास, म्हणून तो मे महिन्यात मागवा. आत्ता सोडलात तर तो मरेल आणि तुमचे पैसे जातील.

संत्रावाला

पिठ्या ढेकणाले खाणारा भुंगाही हाय, क्रिप्टोलेमस. नाशिककडचे द्राक्षवाले सोडतेत. त्याची अळी दिसते हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी, पांढरी, लोंबत्या धाग्यांची. लोक वळखत नाहीत अन् तिलेच पुसून काढतात.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. मी ठरवलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. आज धुणं-पुसणं. फळांची टोपली स्वयंपाकघरात. कुंडी काचेपासून फूटभर आत, आतल्या भिंतीशी. रेडिएटर रात्री ८ अंशांवर. पाणी कपभर, तेही माती बोटाला कोरडी लागली की. छत या शनिवारी धुऊन घेते, शेवाळ चढलेलं आहेच. लांब फांद्या आता नाही, मार्चमध्ये कापणार. आईला सांगितलं, 'ताण एप्रिलनंतर, भरपूर ऊन असेल तेव्हा', तर म्हणाली, "मी वेगळं काय सांगत होते?"

गच्चीवरचा

आईंचा मुद्दा बरोबर आहे. मीही तेच सांगत होतो.

परागकण

:) एकच दुरुस्ती. उन्हाळ्यात ताण द्याल तोही बेताचा. छोट्या कुंडीत काचेमागे दुपारी चार तासांत मुळं भाजून निघतात. पानं किंचित मऊ पडली की पाणी घाला, पुरती लोंबेपर्यंत थांबलात तर कळ्याही जातील.

चकलीचा साचा

मार्चमध्ये कापलेल्या फांद्यांचं काय करायचं? लागतात का? उंबरठाताईंच्या नाही, माझ्याच विचारतेय, मी ठाण्यात कधीही कापेन.

रोपवाटिका उरुळी

लागतात. पेन्सिलीएवढी जाड, पिकलेली काडी घ्या, हिरवी लुसलुशीत नको. वीतभर लांब, तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. पानं काढून टाका. रूटिंग पावडर लावा, वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं, त्यात दोन डोळे आत जातील इतकी खोचा. तुमच्याकडे जूनच्या पहिल्या पावसात लावलीत तर उत्तम. पाला फुटला म्हणजे मुळं आली असं समजू नका, काडीतल्या साठ्यावर पाला आधी फुटतो. ओढून बघायचं नाही. पिशवीत लावणार असाल तर बुडाशी भोकं पाडा, पाणी साचलं की काडी खालून काळी पडते.